थोरल्याची करकर

ती. दादा यांस,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (राग आहे तिथेच आहे. पण नमस्काराने राग कमी होत नाही आणि रागाने नमस्कार चुकत नाही, असं आपले वडील सांगत, आणि ते दोन्ही भरपूर करत.)

इकडे सर्व ठीक. तुमच्याकडेही ठीकच असणार, कारण तुमचा गुडघा, वहिनींची सर्दी आणि तुमच्या गॅलरीतलं ते न फुलणारं झाड या तिघांची खबर दर गुरुवारी साडेचारला फोनवरून आमच्या घरी येते. गुडघ्याला शेक घेता की नाही, हे मात्र वहिनी सांगत नाहीत. त्यावरून घेत नसणार. घ्यावा.

आता तुम्ही म्हणाल, हा पत्र कसा लिहितो? तर तीन वर्षांपूर्वी तुम्ही भर कारखान्यात म्हणालात की यापुढे तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही, आणि मी म्हणालो, मी अर्धासुद्धा नाही. दोघांनीही ते पाळलं. (आपल्या घरात शब्द दिला की दिला, मग तो न बोलण्याचा का असेना.) पण लिहिणार नाही, असं दोघांपैकी कुणीच म्हटलेलं नाही. मी नीट आठवून पाहिलं. पॉलिशवाले काका तेव्हा हजर होते, त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, लिहिण्याचा विषयच निघाला नव्हता. (काकांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, पण त्या दिवशी ते उजवा कान पुढे करून उभे होते. भांडण चांगलं होतं.) तेव्हा हे पत्र म्हणजे बोलणं नव्हे, हे आधीच स्पष्ट करतो.

मी तुम्हाला अहो-जाहो करतोय हे खांद्यावरून वाकून वाचून आमच्या हिने विचारलं की जन्मभर अरे-तुरे केलंत, आता हे काय नवीन? तिला काय कळणार! बोलणं चालू असतं तोवर माणूस अरे-तुरेत असतो. बंद झालं की त्याला ‘अहो’ म्हणून लांब बसवावं लागतं.

असो. नमनालाच घडाभर तेल झालं. (तेलाचा विषय पुढे येणारच आहे.) पत्राचं कारण घरगुती नाही. ‘चार खोल्या, सात माणसं’ या रेडिओवरच्या मालिकेचा एकशे सत्ताविसावा भाग परवाच्या गुरुवारी चार वाजता झाला, त्यावर माझं मत तुम्हाला कळवायचं आहे. मालिका वहिनी ऐकतात आणि तुम्ही पेपर वाचता, असं तुमचं म्हणणं आहे, ते मला ठाऊक आहे. पण वहिनी सांगतात की त्या पंचवीस मिनिटांत पेपरचं एकही पान उलटत नाही. तेव्हा मत ऐकून घ्यायला हरकत नसावी.

आधी चांगलं बोलतो. हा भाग मला आवडला. एवढंच नव्हे, तर पहिल्या भागापासून एकही न चुकवता ऐकणारा माणूस म्हणून सांगतो की असा भाग झाला नाही. शेवटची अकरा मिनिटं आत्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलते. टाकी गळते, कुणाचं लक्ष नाही, मी आहे म्हणून घर चाललंय वगैरे. अकरा मिनिटं! आमच्या कारखान्यात या वेळात एक स्टूल जोडून होतं. पण आता मला वाटतं, लिहिणाऱ्याने ते मुद्दाम केलं असावं. कारण आत्या ऐन टाकीच्या तळाशी पोहोचली असताना दार करकरतं, आणि आत्या गप्प होते. एकशे सत्तावीस भागांत आत्या स्वतःहून गप्प झाल्याची ही पहिलीच वेळ. तिथेच माझ्या अंगावर काटा आला.

कारण ती करकर थोरल्याची होती. हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या घराचं एकच दार आहे, पण ते प्रत्येकाला वेगळं करकरतं. आत्या हिसका मारून उघडते, तर एकच कर्र. निवृत्त पोस्टमन आप्पा सावकाश उघडतात, तर लांबलचक, कंटाळलेली. आणि थोरला आधी अर्धं उघडायचा, थांबायचा, आत कोण कोण आहे याचा अंदाज घ्यायचा, मग उरलेलं उघडायचा. दोन तुकड्यांतली करकर. चाळिसाव्या भागात आप्पांशी भांडून तो घर सोडून गेला तेव्हापासून ती ऐकू आली नव्हती. परवा पहिला तुकडा आला आणि थांबला.

मग नऊ सेकंद काहीच नाही. (भिंतीवरच्या घड्याळात बघून मोजली.) आमच्या पॉलिशवाल्या काकांना वाटलं स्पीकर बंद पडला, म्हणून त्यांनी त्याला एक चापट मारली, आणि त्या चापटीच्या आवाजात आप्पा जे बोलले ते काकांना ऐकूच आलं नाही. मी ऐकलं. एवढ्या काळाने मुलगा दारात उभा आहे, आणि आप्पा म्हणतात, ‘पाय पुसलेस का?’ बस. संगीत. भाग संपला.

दादा, मी हातातला रंधा खाली ठेवला आणि म्हणालो, ‘दादा आला.’ आमची ही माझ्याकडे बघतच राहिली. मी मालिकेतल्या थोरल्याबद्दल बोलत होतो, हे उघड आहे. (मालिकेत त्याला सगळे थोरलाच म्हणतात, दादा कुणीही म्हणत नाही, हे तिने नंतर दाखवून दिलं. बायका नको तिथे फार बारकाईने ऐकतात.)

त्यानंतर साडेचारला ही आणि वहिनी फोनवर चाळीस मिनिटं वाद घालत होत्या. वहिनींचं म्हणणं, थोरला आला. हिचं म्हणणं, आप्पांचं ते पाय पुसण्याचं ऐकून तो आल्या पावली परत गेला. आता यात वादाला जागाच नाही, आणि हे सुतारच सांगू शकतो. आवाज चढत गेला तर दार उघडतंय, उतरत गेला तर मिटतंय. परवाचा आवाज चढला आणि मधेच थांबला. म्हणजे तो आत आलेला नाही आणि परतही गेलेला नाही. दार अर्धं उघडं आहे आणि माणूस उंबरठ्यावर उभा आहे. अर्धी करकर झाली, अर्धी बाकी आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता वाईट बोलतो. आवडलं म्हणून सुताराने डोळे आणि कान मिटायचे असतात का? सात माणसांचं घर, त्यात धाकटा मुलगा कारखान्यात फिटर, आणि एकशे सत्तावीस भागांत एकालाही बिजागरीत दोन थेंब तेल घालावंसं वाटू नये? त्र्याण्णवाव्या भागात हाच धाकटा चार ठोक्यांत भिंतीला अख्खं शेल्फ लावतो. चार ठोक्यांत! तेवढ्यात आपला अंगठासुद्धा नीट ठेचून होत नाही. मालिकेच्या शेवटी ‘आपला अभिप्राय जरूर कळवा’ म्हणून पत्ता सांगतात, त्यावर मी शेल्फाबद्दल एकदा आणि तेलाबद्दल एकदा कळवून पाहिलं. उत्तर नाही. म्हटलं, आता अभिप्राय जातीने घेऊन जावा. शुक्रवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला, हत्यारांची पिशवी घेतली (सवयीने, तुम्हीही मागे एका लग्नाला काटकोन मापायचा गुण्या घेऊन गेला होतात), तेलाची कुपी घेतली आणि दोन बस बदलून त्यांच्या स्टुडिओत गेलो.

दारावरच्या पहारेकऱ्याने पिशवीतून डोकावणारा रंधा पाहिला आणि ‘किती वेळ लावलात!’ म्हणत मला दंडाला धरून आतच नेलं. माझी एवढी वाट बघत असतील असं मला वाटलं नव्हतं. मनात म्हटलं, शेल्फाचं पत्र पोचलेलं दिसतंय. पण त्याने मला नेऊन उभं केलं ते संडासाच्या दारासमोर. सकाळपासून कुणीतरी आत अडकलं होतं आणि त्यांनी सुताराला निरोप धाडला होता. (तो खरा सुतार दुपारी दोनला उगवला. आपल्या धंद्याला नाव ठेवतात ते उगाच नाही.) आता दार अडकलंय आणि माणूस आत आहे म्हटल्यावर, मी तो नव्हेच, हे सांगत बसण्यात काय अर्थ? पटाशीने कडीची पट्टी उचकली, खालची कड जरा रंधली, दार उघडलं. आतून आप्पा बाहेर आले.

म्हणजे आप्पांचं काम करणारे. आवाजावरून मी ओळखलं, कारण आत असताना ते आप्पांच्याच आवाजात ओरडत होते. बाहेर आले तर चाळिशीचा माणूस, मला वाकून ‘उपकार झाले, काका’ म्हणाला. एकशे सत्तावीस भाग ज्याला मी मोठ्या भावासारखा मान दिला, त्याने मला काका म्हणावं! माझ्या तोंडून आपसूक ‘पाय पुसलेत का?’ गेलं, तर सगळे पोट धरून हसले आणि तिथल्या तिथे माझी त्यांच्याशी ओळख झाली. आत्या म्हणजे एक पंचविशीची मुलगी निघाली, मुखदुर्बळ. माझ्याशी जेमतेम दोन शब्द बोलली. थोरल्याच्या गळ्याला मफलर होता. त्याचा घसा बसलाय म्हणून परवा त्याच्या तोंडी एकही वाक्य नव्हतं, आणि आम्ही इकडे त्या नऊ सेकंदांचे अर्थ लावत बसलो होतो.

आप्पांची सुटका झाली म्हणून सगळे चहाला गेले. मला ज्या खोलीत बसवलं तिथेच ते सगळे आवाज काढतात, आणि दादा, ती खोली बघायला तुम्ही हवे होतात. एका चौकोनी ट्रेमध्ये खडी आहे, ती तुडवली की आप्पा अंगणातून येतात. एक जुनी छत्री आहे, ती फटाफट उघडझाप केली की कबुतरं उडतात. आणि खोलीच्या मधोमध एक दार आहे. भिंत नाही, पुढे काही नाही, मागे काही नाही. चौकटीसकट नुसतं उभं. मी हलकेच उघडून पाहिलं. तीच करकर! आप्पांच्या घराचं दार माझ्या हातात होतं.

आता तुम्हीच न्याय करा. (वहिनींना विचारू नका, त्या हसतील.) एक सुतार, एक करकरणारं दार, जवळ तेलाची कुपी, आणि खोलीत दहा मिनिटं कुणी नाही. मी मन आवरलं नाही असं नाही. पहिली दोन मिनिटं मी हाताची घडी घालून बसलो होतो. तिसऱ्या मिनिटाला म्हटलं, वरच्या बिजागरीची खीळ तेवढी बघू. खीळ निघाली तर गंजलेली, ती पॉलिश पेपरने घासली. मग तेल. मग खालच्या बिजागरीने काय पाप केलं होतं? तिलाही तेल. खाली जरा घासत होतं, तिथे दोन हात रंधा मारला. भुसा रुमालात गोळा केला. दहाव्या मिनिटाला दार असं फिरायला लागलं की फुंकर मारली तरी मिटावं. माझ्या आयुष्यात मी इतकं सुरेख दार फिरवलं नसेल. मी खुर्चीत बसून शाबासकीची वाट पाहू लागलो.

मंडळी आली. दिग्दर्शक काचेपलीकडे कानाला हेडफोन लावून बसले. ध्वनीवाल्या बाई (या मालिकेतले सगळे आवाज त्याच करतात, पन्नाशीच्या, केस आखूड, पायात मोजे, कारण चपलेचा आवाज नको) दाराजवळ आल्या आणि थोरल्याच्या उरलेल्या प्रवेशाची तालीम म्हणून त्यांनी दार उघडलं. काही नाही. मिटलं, पुन्हा उघडलं. काही नाही. काचेपलीकडून दिग्दर्शकांचा आवाज आला, ‘दार कुठे गेलं?’

कुणी केलं, असं बाईंनी शांतपणे विचारलं. मी छाती काढून म्हणालो, ‘मी.’ (अजून उजाडलं नव्हतं डोक्यात.) मग दिग्दर्शक आत आले, दार दोनदा उघडून पाहिलं आणि मटकन खाली बसले ते नेमके खडीच्या ट्रेमध्ये. तो आवाज मात्र फार छान आला.

मला वाटलं बाई हाकलून देतील. त्यांनी मला खुर्ची दिली. जुन्या लाकडांच्या वखारीत जाऊन त्यांनी म्हणे चाळीस दारं उघडून मिटून ऐकली होती. वखारवाल्याला वाटलं बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. एकेचाळिसाव्या दारापाशी त्या थांबल्या, तेच हे. घर, माणसं, गोष्ट, सगळं नंतर आलं. आधी ही करकर आली. मी म्हणालो, मग जुन्या भागातून कापून चिकटवा की. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण सनमायका मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघतो. त्या घरात थोरला जेव्हा जेव्हा दार उघडायचा तेव्हा तेव्हा आत्या बोलत असायची. सुटा, स्वच्छ असा त्या करकरीचा दुसरा तुकडा कुठेच नाही. पुढचा भाग येत्या गुरुवारी. त्यातला थोरल्याचा प्रवेश बुधवारी अकराला घ्यायचा. म्हणजे माझ्या दोन थेंब तेलाने एक माणूस कायमचा उंबरठ्यावर अडकला, आणि त्याला आत घेणं आता माझ्यावर आलं.

मी लगेच कामाला लागलो. शुक्रवार सबंध आणि काल शनिवार सबंध. आधी रॉकेलने तेल पुसून काढलं, तर दार उंदरासारखं चिरकलं. दिग्दर्शक म्हणाले, थोरला एवढा बारीक झाला नाहीये. मग बिजागरीत भुसा भरला. तर खोकला झाल्यासारखा आवाज, आणि मफलरवाल्याला वाटलं आपली कुणी थट्टा करतंय. मग राळ लावली, तर आत्या बोलण्याआधी घसा साफ करते तसं झालं. मग आपल्या कारखान्यातली एक गंजकी बिजागरी नेऊन बसवली, तर सायकलचा ब्रेक. आप्पांचं काम करणारा तो सज्जन माणूस प्रत्येक वेळी ‘काका, जवळ आलंय, जवळ आलंय’ म्हणायचा. त्याला माझ्या उपकाराचं ओझं होतं.

तर एकशे सत्ताविसाव्या भागाबद्दल माझं मत असं की भाग उत्तम, फक्त दाराला तेल घालायला हवं होतं, आणि घालायला नको होतं. कळावे. राग आहे तसा ठेवून लोभही (होता तेवढा) ठेवावा, ही विनंती. वहिनींना नमस्कार सांगावा. तो बोलण्यात धरू नये.

तुमचा,
धाकटा

ता. क. पत्र पॉलिशवाल्या काकांच्या हाती पाठवतोय. पोस्टावर अविश्वास नाही, पण मालिकेतल्या आप्पांनी उभ्या नोकरीत एकही पत्र वेळेवर पोचवलेलं दिसत नाही, आणि बुधवार जवळ आलाय. काका तिथेच थांबतील. त्यांना उजव्या बाजूने उत्तर द्यावं. उत्तर कशाचं, तर दादा, बुधवारी तुम्ही स्टुडिओत याल का? तीन वर्षांपूर्वी दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्याचं आपण केलेलं दार करकरलं आणि ते तक्रार घेऊन कारखान्यात आले, तेव्हा त्या गिऱ्हाइकासमोर मी म्हणालो होतो की ‘दादाच्या चौकटीत कुठलंही दार बसवा, करकरणारच, ती त्याची सहीच आहे.’ तुम्ही हातातली पट्टी खाली ठेवलीत, खुंटीवरचा शर्ट घेतलात आणि गेलात. त्यानंतर दारांच्या चौकटी सोडून घरी बसून फोटोंच्या चौकटी करता, असं कळतं. तर मी जे टोचून बोललो होतो, तेच आता हात जोडून मागतोय. ती सही हवी आहे.

पुन्हा ता. क. मागच्या वर्षी दाढ दुखली म्हणून मी त्याच दवाखान्यात गेलो होतो. तासभर बाहेर बसवलं, समोर ते दार. काम नव्हतं म्हणून खालची बिजागरी बघितली. चौकट ओळंब्यात होती, दादा. तसूभरही फरक नव्हता. बिजागरीची खाच दीड सूत खोल गेलेली होती, आणि खाच मी पाडली होती. तुम्ही त्या दिवशी हेच म्हणत होतात. हे मी एक वर्ष माझ्याजवळ ठेवलं. आधी दाढेमुळे तोंड उघडत नव्हतं. नंतर दाढ काढली, तरी उघडलं नाही.

शेवटचा ता. क. इथवरचं पत्र हिने वाचलं आणि म्हणाली, चाळीस वर्षं सुतारकी केलेल्या माणसाला एक दार करकरवता येत नाही, हे भाऊजींना पटेल का? मग ती चहा ठेवायला गेली. ती आत आहे तोवर लिहून टाकतो.

करकर मला मिळाली होती रे. काल संध्याकाळी, पाचव्या खेपेला. जुनीच खीळ उलटी घालून, किंचित वाकवून. सगळे गेले होते, मी आणि ध्वनीवाल्या बाई, दोघंच होतो. मी दार अर्धं उघडलं, थांबलो, मग उरलेलं उघडलं. हुबेहूब. तू कारखान्यात यायचास तेव्हा असंच उघडायचास, आधी अर्धं, मग मी कुठल्या मूडमध्ये आहे ते बघून उरलेलं. बाईंनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. झालं, काम फत्ते.

मग मी कुपी काढली आणि पुन्हा तेल घातलं.

बाई बघत होत्या. त्यांनी पायमोजे नीट केले आणि एवढंच विचारलं, तुमचे दादा बुधवारी अकराला पोचतील ना?

तेव्हा आधी कारखान्यात ये, तिथून दोघं मिळून जाऊ. तुझी खुंटी रिकामीच आहे. आणि शिरताना पाय पुसत बसू नकोस, आत सगळा भुसाच आहे.